रॉबर्ट ओपेनहायमर : विद्या आणि विवेक

विद्या हे मनुष्याचे भूषण होय, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु विद्या जितकी मोठी, तितकी विद्वानाच्या शिरावरील जबाबदारीही मोठी असते, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्यांना जग अणुबाँबचे जनक म्हणून ओळखते, त्या रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने मननीय आहे.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९०४ रोजी न्यूयॉर्क शहरी एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील जर्मनीहून अमेरिकेस येऊन कापडाच्या व्यापारात नावारूपास आले होते. आई चित्रकलेत निपुण होती. निरनिराळे दगड व खनिजे जमविण्याचा रॉबर्टला लहानपणापासून नाद होता. हार्वर्ड येथील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत संपवून १९२५ साली पदवी मिळविली. पुढे केंब्रिज येथे प्रयोगशाळेत मात्र त्यांचा हात चालेना व मन अत्यंत खिन्न झाले. तरी धीर न सोडता ते जर्मनीतील गटिंगेन येथे गेले आणि मॅक्स बोर्न ह्यांच्या हाताखाली १९२७ साली डॉक्टर झाले. आपली बुद्धी उपकरणांत नसून गणिती विचारात आहे, हे त्यांना तेथे उमगले.

१९२९ पासून ते कॅलिफोर्नियात अध्यापन करू लागले. त्यांच्याभोवती तरुण शिष्यांचा मोठा मेळा जमला. ह्याच काळात बर्कली येथील प्राध्यापक आर्थर रायडर ह्यांच्यापाशी संस्कृत शिकून त्यांनी भगवद्गीता मुळातून वाचली. पदार्थविज्ञानाच्या पंडितास एवढी व्यापक जिज्ञासा असावी, हे आपणां भारतीयांस विशेष वाटेल.

१९३८ च्या अखेरीस बर्लिन येथे ओटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमन ह्यांना असे आढळले की, न्यूट्रॉनचा आघात होताच युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो. ह्या क्रियेत प्रचंड शक्ती बाहेर पडते व नवे न्यूट्रॉनही सुटतात. ते पुढील अणू फोडतात आणि अशी साखळी क्षणार्धात वाढत जाते. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. हिटलरच्या हाती हे अस्त्र प्रथम पडले तर काय होईल, ह्या भीतीने अमेरिकेने मॅनहॅटन प्रकल्प उभारला. त्याचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज ह्यांनी बाँबच्या प्रयोगशाळेचे चालकत्व ओपेनहायमर ह्यांच्याकडे सोपविले.

न्यू मेक्सिको प्रांतात लॉस अलामॉस नावाच्या पठारावर मुलांची एक निवासी शाळा होती. सरकारने ती जागा ताब्यात घेतली, शाळा बंद झाली आणि १९४३ साली तेथे गुप्त प्रयोगशाळा सुरू झाली. बाँबला लागणारे युरेनियम-२३५ हे खनिजातील युरेनियमच्या हजार भागांत जेमतेम सात भाग असते. ते टेनेसी प्रांतातील ओक रिज येथे वेगळे करण्यात येई. प्लुटोनियम हे दुसरे द्रव्य हॅनफर्ड येथील अणुभट्ट्यांत तयार होई. युरेनियमचा एक तुकडा तोफेतल्याप्रमाणे दुसऱ्यावर आदळविला की काम भागत असे. परंतु प्लुटोनियमला ही युक्ती लागू पडेना. तेव्हा १९४४ साली ओपेनहायमर ह्यांनी सारी प्रयोगशाळा नव्याने रचली आणि स्फोटकांच्या साहाय्याने प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी एकसमयी दाबण्याची पद्धत सिद्ध करविली. जे पूर्वी एकांतप्रिय पंडित होते, तेच आता हजारो माणसांचे कुशल नेते ठरले.

येथेच त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला. जर्मनीजवळ असा बाँब नाही, हे १९४४ च्या अखेरीस दिसू लागले. जोसेफ रॉटब्लाट हे शास्त्रज्ञ तेवढ्यावरून काम सोडून निघून गेले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. तरी काम थांबले नाही. जून महिन्यात सरकारने ज्या चार शास्त्रज्ञांचे मत विचारले, त्यांत ओपेनहायमर होते. निव्वळ प्रात्यक्षिक दाखवून युद्ध थांबेल असे वाटत नाही, प्रत्यक्ष वापरावाचून आम्हांस मार्ग दिसत नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला.

१६ जुलै रोजी पहाटे वाळवंटात पहिला स्फोट झाला. त्याचे बळ टी.एन.टी. ह्या स्फोटकाच्या सुमारे २० हजार टनांएवढे होते. ६ ऑगस्टला हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर बाँब पडले. त्या सकाळी हिरोशिमात, आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर शाळांतील हजारो मुले-मुली आली होती. सव्वाआठ वाजता बाँब फुटला. त्यांतील असंख्य मुले घरी परतली नाहीत. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार व नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज आहे. ह्या बाँबमुळे युद्ध लवकर संपले की नाही, ह्याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

युद्ध संपताच ओपेनहायमर ह्यांनी चालकत्व सोडले. आपल्या हातांस रक्त लागले आहे, ही व्यथा त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांच्याजवळ बोलून दाखविली. ट्रूमन ह्यांना ती रुचली नाही. अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण असावे ह्यासाठी ते झटले आणि १९४९ साली हायड्रोजन बाँबच्या घाईस त्यांनी विरोध केला. १९५४ साली त्यांची चौकशी झाली. जुन्या साम्यवादी स्नेह्यांचा विषय निघाला. युद्धकाळात सुरक्षा अधिकाऱ्यांना एका प्रसंगाची खोटी हकीकत सांगितल्याचे त्यांनी स्वतः मान्य केले. शेवटी सरकारी गुप्त कामाचे दार त्यांना बंद झाले. १९६३ साली त्यांना फर्मी पारितोषिक मिळाले, आणि १८ फेब्रुवारी १९६७ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. १९५४ चा तो निर्णय अमेरिकन सरकारने २०२२ साली रद्द ठरविला.

विद्यार्थी मित्रहो, ओपेनहायमर हे दुष्ट नव्हते. ते सहृदय, बहुश्रुत आणि देशाच्या संकटकाळी धावून जाणारे गृहस्थ होते. परंतु जो प्रश्न त्यांनी ऑगस्टनंतर स्वतःस कळकळीने विचारला, तो जूनमध्ये विचारावयास हवा होता. आपणांपैकी कोणी उद्या शास्त्रज्ञ होईल, कोणी अधिकारी, कोणी कारखानदार. हाती घेतलेले काम कोणाच्या अंगणात जाऊन पडणार आहे, ह्याचा विचार ते पुरे होण्याआधी करावा, एवढा धडा ह्या थोर व व्यथित पुरुषाच्या चरित्रावरून आपण अवश्य घ्यावा.