दादासाहेबांची खासदारकी कुणाच्या कामी आली?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने दोन अधिसूचना काढल्या. एका अधिसूचनेने खासदारांचा पगार महिना एक लाखावरून एक लाख चोवीस हजार रुपये झाला आणि अधिवेशनाच्या काळातील दैनिक भत्ता दोन हजारांवरून अडीच हजार झाला. ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून मागील तारखेने लागू झाली. दुसऱ्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुराची मजुरी २९७ रुपयांवरून ३१२ रुपये झाली, म्हणजे दिवसाला पंधरा रुपये वाढ. मजुराला मागील तारखेचा फरक मिळाला नाही, आणि तो मागायला त्याच्या वतीने कुणी उभाही राहिले नाही.

असे आकडे समोर आले की आपल्या सभांमधून एकच घोषणा उठते, या लोकप्रतिनिधींचे पगार बंद करा. समाजाचा हा संताप आम्ही समजू शकतो. पण आंबेडकरी चळवळीच्या माणसाने अशी मागणी करण्यापूर्वी आपला इतिहास तपासला पाहिजे. तो तपासायचा तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जीवनाएवढे दुसरे चांगले साधन नाही. कारण दादासाहेब आमदार होते, लोकसभेत होते, राज्यसभेत होते, त्या काळचा पगार-भत्ता त्यांनाही लागू होता. तरीही ते भूमिहीनांचे प्रतिनिधी होते की नव्हते, हा प्रश्न आजवर कुणाला विचारावासा वाटलेला नाही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. महारकी काय असते, वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेणे काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची प्रेरणा बाबासाहेबांची, पण तो वर्षानुवर्षे चालवला तो दादासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना गावोगावची माणसे गोळा करणे, मार खाल्लेल्यांना धीर देणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही हे पाहणे, ही सारी जबाबदारी दादासाहेबांवर होती. मार्च १९३४ मध्ये मंदिर प्रवेशाचा लढा आता पुढे नेऊ नये, शिक्षण आणि राजकारण यांवर शक्ती लावावी, असा निर्णय बाबासाहेबांनी कळवला तोही दादासाहेबांनाच पत्र लिहून. बाबासाहेबांची त्यांना आलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचली की या दोघांमधला विश्वास किती गाढ होता हे कळते.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने दादासाहेब मुंबई विधानसभेत निवडून आले. त्याच सभागृहात त्याच वर्षी पगाराचा प्रश्न आला. काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच घेण्याचे ठरवले होते आणि त्यागाचा मोठा गाजावाजा चालला होता. विरोधी बाकांवरून बाबासाहेबांनी त्या विधेयकावर कडाडून टीका केली. मंत्र्याचा पगार ठरवताना केवळ साधेपणा पाहून चालत नाही, त्याची लायकी, कारभाराचा प्रामाणिकपणा आणि लोकशाही यांचाही विचार करावा लागतो, अशी त्यांची मांडणी होती. ज्याच्या घरी आधीच संपत्ती आहे त्याला त्याग परवडतो. ज्याच्या घरी काही नाही त्याने सभागृहात बसायचे कसे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नुसत्या आपल्या देशाचा नाही. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या आपल्या सनदेत पार्लमेंटच्या सभासदांना पगार द्यावा ही मागणी घातली होती आणि ती मागणी कष्टकऱ्यांची होती. बिनपगारी पार्लमेंटमध्ये जमीनदारच बसणार हे त्यांनी ओळखले होते. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडले, तेव्हा कुठे सभासदांना वर्षाला चारशे पौंड मिळू लागले. म्हणून आम्ही म्हणतो, प्रतिनिधीचा पगार हा गरिबांनी लढून मिळवलेला हक्क आहे. तो बंद केला तर श्रीमंताचे काहीच बिघडणार नाही, सभागृहाचे दार बंद होईल ते आपल्याच माणसासाठी.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्या वेळी खासदाराचा पगार १९५४ च्या कायद्याप्रमाणे महिना चारशे रुपये आणि दैनिक भत्ता एकवीस रुपये होता. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. समाज पोरका झाला होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि त्याचा मोठा भार दादासाहेबांच्या खांद्यावर आला.

या खासदारकीचे दादासाहेबांनी काय केले? मराठवाड्यात १९५३ साली पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झालाच होता. तोच प्रश्न घेऊन दादासाहेब १९५९ मध्ये खानदेश-नाशिक भागात भूमिहीनांसह उतरले. गावात ज्याच्या नावावर जमीन नाही तो मताला स्वतंत्र नाही, ज्याच्या शेतावर राबायचे त्याच्याच इशाऱ्यावर मत द्यायचे, हे त्यांनी जाणले होते. म्हणून जमिनीची मागणी ही त्यांच्या दृष्टीने पोटाची मागणी होती तशीच खऱ्या प्रतिनिधित्वाचीही होती.

१९६२ मध्ये ते राज्यसभेवर गेले. १९६४ मध्ये खासदारांचा पगार पाचशे रुपये झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली गेली होती. भूमिहीनांना पडीक जमीन, धान्याच्या दरावर नियंत्रण, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र या त्यातल्या काही मागण्या. महाराष्ट्रापासून उत्तर प्रदेश-पंजाबपर्यंत लाखो माणसे तुरुंगात गेली, स्त्रिया लेकरांना कडेवर घेऊन गेल्या. तैलचित्र आणि बौद्धांच्या सवलती यांना १९९० साल लागले. मागणी मान्य होईपर्यंत ती करणारा हयात राहिला नाही, पण मागणी मेली नाही, कारण ती लाखोंच्या तोंडी बसलेली होती.

दादासाहेबांवर टीका झाली नाही असे नाही. १९५९ च्या सुमारास पक्ष फुटला. बॅरिस्टर-वकील-पदवीधर मंडळींचा एक गट बी. सी. कांबळे यांच्यासोबत गेला. संसदीय मार्गाने, कायद्याच्या भाषेत राजकारण करावे, असा त्यांचा आग्रह होता, तर दादासाहेब खेड्यातल्या भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरत होते. १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी केलेला समझोताही अनेकांना रुचला नाही आणि त्यातून पक्षाचे नुकसान झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर असूनही एवढे म्हणू की, शिकलेल्यांच्या टीकेपेक्षा गायरानात कसणाऱ्या माणसाची आठवण अधिक टिकली. गायरानाच्या प्रकरणात आमच्याकडे कागद घेऊन येणारी म्हातारी माणसे सातबाऱ्याच्या आधी दादासाहेबांचे नाव काढतात.

१९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याच्या योजनेला त्यांचे नाव दिले आहे. नाव देणे सोपे होते. जमीन किती जणांना मिळाली हे आपापल्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून वाचकांनीच विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चारशे रुपयांचा खासदार लोकांचा आणि सव्वा लाखाचा खासदार परका, असे सरळ गणित नाही. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्यांपैकी ९३ टक्के सदस्य प्रतिज्ञापत्रांनुसार कोट्यधीश आहेत. त्यांना पगाराची गरजच नाही. पगार शून्य केला तरी ते तिथेच बसतील. खरे दुखणे हे की संविधानाच्या अनुच्छेद १०६ ने खासदारांचा पगार ठरवण्याचा अधिकार संसदेलाच दिला आहे आणि २०१८ पासून दर पाच वर्षांनी महागाईच्या प्रमाणात तो आपोआप वाढण्याची सोय संसदेने करून घेतली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या आमदारांनी आपला पगार दुपटीहून जास्त वाढवला, तोही चर्चेविना. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही पाच वर्षांच्या आत दर तपासण्याची तरतूद होती. ती शेतमजुरासाठी कितीदा वेळेवर पाळली गेली?

दुसरे दुखणे पुणे करारापासूनचे आहे. राखीव जागेवरचा प्रतिनिधी आपल्या समाजाच्या नव्हे तर पक्षाच्या आणि इतरांच्या मर्जीवर निवडून येतो. १९५२ मध्ये मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला, यापेक्षा मोठा दाखला कोणता? तिकीट देणारा मालक आणि मत देणारा नोकर झाला की पगार कितीही असो, प्रतिनिधी आपला राहत नाही.

म्हणून पगार बंद करा ही मागणी सोडा आणि ती बदलून घ्या. खासदार-आमदारांचा पगार त्यांनी स्वतः ठरवू नये, स्वतंत्र आयोगाने ठरवावा, आणि ज्या प्रमाणात तो वाढेल त्याच प्रमाणात आणि त्याच तारखेपासून मजुराची मजुरी वाढावी, अशी मागणी आपल्या ठरावांत यायला हवी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या गटाचा का असेना, एकच विचारा की अधिवेशन संपल्यावर तो कुणाच्या बांधावर उभा असतो. दादासाहेब कुठे उभे राहिले हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

जयभीम!