भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (इ.स. १११४ – अंदाजे इ.स. ११८५) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकात होऊन गेलेल्या याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखता यावे, म्हणून त्यांना भास्कर द्वितीय असे म्हटले जाते. सिद्धान्तशिरोमणी हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून त्यातील लीलावती हा अंकगणितावरील भाग सर्वाधिक प्रसिद्ध आहे. भागाकारातील लब्धी व बाकी यांचा बाजारातील हिशेबापासून ग्रहगणितापर्यंतचा उपयोग त्यांच्या ग्रंथांतून दिसून येतो.

जीवन

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला, अशी नोंद त्यांनी स्वतः गोलाध्यायात केली आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य होते. वडील महेश्वर हे ज्योतिषी असून तेच भास्कराचार्यांचे गुरू होते. त्यांचे वास्तव्य सह्याद्रीजवळील विज्जडविड या नगरात होते. हे नगर जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे परिसरात असावे, असे काही अभ्यासक मानतात. काहींनी त्याचा संबंध विजापूर किंवा बीडशी जोडला आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. पुढे शके ११०५ (इ.स. ११८३) मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, ग्रहगणित सोपे करणारा करणकुतूहल हा ग्रंथ त्यांनी लिहिला.

लीलावतीतील भागाकार

लीलावतीच्या आरंभी नाणी, वजने व मापे यांची कोष्टके दिली आहेत. त्यांनुसार २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म व १६ द्रम्मांचा १ निष्क होतो. अशा कोष्टकाचा वापर म्हणजे क्रमाने केलेला भागाकारच असतो. उदाहरणार्थ, ३०१७ कवड्यांना २० ने भागल्यास १५० काकिणी होतात व १७ कवड्या उरतात. १५० ला ४ ने भागल्यास ३७ पण होतात व २ काकिणी उरतात. ३७ ला १६ ने भागल्यास २ द्रम्म होतात व ५ पण उरतात. म्हणजे एकूण रक्कम २ द्रम्म, ५ पण, २ काकिणी व १७ कवड्या इतकी होते. येथे प्रत्येक टप्प्यावरील लब्धी वरच्या नाण्याकडे जाते आणि बाकी त्याच नाण्यात नोंदली जाते. बाकी सोडून दिली तर हिशेब जुळत नाही.

भागाकाराच्या रीतीत भास्कराचार्य भाज्याच्या डावीकडील अंकांपासून सुरुवात करतात. भाजकाची जास्तीत जास्त जितकी पट वजा होऊ शकते, ती संख्या लब्धीत लिहिली जाते आणि उरलेल्या बाकीला पुढचा अंक जोडला जातो. भाज्य व भाजक यांना सामाईक विभाजक असल्यास आधी त्याने दोघांनाही भागावे, असाही पर्याय ते देतात. १३५ व १२ यांचा गुणाकार १६२० हे त्यांचे उदाहरण आहे. तोच भाज्य मानून १२ ने भागल्यास १३५ परत मिळतात. दोन्ही संख्यांना आधी ४ ने भागल्यास ४०५ भागिले ३ इतकेच काम उरते.

कुट्टक

बाकीवरून मूळ संख्या शोधण्याच्या रीतीला कुट्टक म्हणतात. ही रीत आर्यभटांच्या इ.स. ४९९ च्या ग्रंथात आढळते. भास्कराचार्यांनी लीलावती व बीजगणित या दोन्ही भागांत तिचा विस्तार केला. त्यांच्या एका उदाहरणात २२१ ला अशा संख्येने गुणावयाचे आहे की, गुणाकारात ६५ मिळवून १९५ ने भागल्यास बाकी उरू नये. २२१ ला १९५ ने भागल्यास २६ उरतात, १९५ ला २६ ने भागल्यास १३ उरतात आणि १३ ने २६ ला पूर्ण भाग जातो. म्हणून १३ हा सामाईक विभाजक ठरतो. त्याने भागल्यावर २२१, ६५ व १९५ यांच्या जागी १७, ५ व १५ येतात. १७ व १५ यांच्या परस्पर भागाकारात १ व ७ या लब्धी मिळून शेवटी १ उरतो. या लब्धी एकाखाली एक मांडून त्यांखाली ५ व शून्य लिहितात. मग खालून वर येताना ७ गुणिले ५ अधिक शून्य म्हणजे ३५, आणि १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४० मिळतात. ३५ ला १५ ने भागून उरलेले ५ हा गुणक आणि ४० ला १७ ने भागून उरलेले ६ ही लब्धी होय. २२१ ची ५ पट ११०५. त्यात ६५ मिळवल्यास ११७० होतात व १९५ ने भागल्यास बरोबर ६ येतात.

कुट्टकाचे खरे महत्त्व कालगणनेत होते. ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येस अहर्गण म्हणतात. तिला ७ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून वार काढला जातो. आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी बुधवार येतो, कारण १०० मध्ये १४ आठवडे होऊन २ दिवस उरतात. ग्रहाचे स्थान विकलांपर्यंत काढल्यावर जे शेष उरते, त्यावरून उलट दिशेने ग्रहाचे स्थान व अहर्गण शोधता येतो, हे भास्कराचार्यांनी दाखवले.

शून्याने भागाकार

शून्येतर संख्येला शून्याने भागल्यास येणाऱ्या राशीला भास्कराचार्यांनी खहर हे नाव दिले. तीत काहीही मिळवले किंवा वजा केले तरी ती बदलत नाही, असे मानून त्यांनी तिची तुलना अनंत अशा ईश्वराशी केली. आधुनिक अंकगणितात मात्र शून्याने भागाकार अव्याख्यात मानला जातो.

वारसा

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारात होते, तर नातू चांगदेव हे सिंघण याचे ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून चांगदेवांनी पाटणे येथे मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात त्याची व त्याला मिळालेल्या दानांची माहिती आहे. या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला.

लीलावतीवर कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. इ.स. १५८७ मध्ये फैजी यांनी लीलावतीचा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती व घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा त्या अनुवादामुळे प्रसिद्ध झाली; तिला समकालीन पुरावा नाही. इ.स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. भारताने १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले.