व्हर्दी यांची मृतांसाठींची मिस्सा

मृतांसाठींच्या मिस्सेंतील प्रार्थना आम्हां धर्मगुरूंच्या मुखीं इतक्या वेळां येतात कीं, त्यांतील व्याकुळता कधीं कधीं आम्हांसच जाणवेनाशी होते. ती व्याकुळता ज्यांनीं साऱ्या जगास ऐकविली, ते ज्युसेप्पे व्हर्दी संगीत नाटकांचे रचनाकार होते. आणि श्रद्धेविषयीं त्यांचें मन साशंक होतें, हें त्यांच्या पत्नीच्या पत्रांवरून दिसतें.

त्यांचा जन्म १८१३ च्या ऑक्टोबरांत उत्तर इटलींतील बुसेतोजवळच्या रोंकोले या खेड्यांत झाला. वडील खाणावळ चालवीत. बालपणींच ते गांवच्या चर्चमध्यें ऑर्गन वाजवूं लागले. १८३२ सालीं मिलानच्या संगीतविद्यालयानें त्यांस प्रवेश नाकारला. परंतु आन्तोनियो बारेत्सी या उदार व्यापाऱ्यानें त्यांच्या शिक्षणास हातभार लाविला. बारेत्सींची कन्या मार्गेरिता हीच पुढें त्यांची पत्नी झाली. मात्र १८३८ ते १८४० या अवधींत प्रथम कन्या, मग पुत्र व शेवटीं पत्नी, अशीं तिघेंही मृत्यूनें हिरावून नेलीं. पुढें १८४२ सालच्या नाबुक्को या नाटकानें त्यांस कीर्ति मिळाली, ती अखेरपर्यंत टिकली.

१८६८ सालीं संगीतकार रोस्सिनी वारले. इटलींतील संगीतकारांनीं मिळून त्यांच्यासाठीं एक मिस्सा रचावी, असें व्हर्दींनीं सुचविलें, आणि तिचा शेवटचा भाग, लिबेरा मे ही सुटकेची याचना, स्वतः रचिला. परंतु १८६९ सालीं योजिलेलें तें गायन झालेंच नाहीं. २२ मे १८७३ रोजीं थोर कादंबरीकार मान्झोनी निवर्तले. व्हर्दींस त्यांच्याविषयीं अपार पूज्यबुद्धि होती. अंत्ययात्रेस जाण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. नंतर ते थडग्यापाशीं जाऊन आले. मग पडून राहिलेल्या त्या याचनेवरूनच त्यांनीं संपूर्ण मिस्सा उभारिली.

२२ मे १८७४ रोजीं, मान्झोनींच्या प्रथम स्मृतिदिनीं, मिलानच्या सान मार्को चर्चमध्यें स्वतः व्हर्दींच्या नेतृत्वाखालीं सुमारें १२० गायक व १०० वादकांनीं ती सादर केली. क्रोधाच्या दिवसाच्या वर्णनांत ढोलाचे आघात ऐकून अंगावर कांटा येतो. आणि अखेरीस तीच वाणी कुजबुजीइतकी मंद होऊन दयेची भीक मागते.

हें संगीत नाटकी आहे, असा आक्षेप जर्मन संगीतकार हान्स फॉन ब्यूलो यांनीं घेतला. परंतु १८९२ सालीं त्यांनींच पत्र लिहून क्षमा मागितली, व व्हर्दींनीं ती मोठ्या मनानें केली. नाटकी संगीत उपासनेस शोभत नाहीं, हें पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं सांगितलें, तें आम्हांस मान्य आहे. वेदीपुढें साधें गायनच बरें. तथापि प्रार्थना वेदीपुढेंच होते असें नाहीं.

वृद्ध व निर्धन संगीतकारांसाठीं व्हर्दींनीं मिलान येथें स्वखर्चानें एक आश्रम बांधिला. २७ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले. त्या आश्रमांतच ते व त्यांची दुसरी पत्नी ज्युसेप्पिना चिरविश्रांति घेत आहेत. त्यांची श्रद्धा किती होती, याचा निवाडा आम्हीं करावयाचा नाहीं. साशंक मनुष्यालाही मृतांसाठीं याचना केल्यावांचून राहवलें नाहीं. मग या महोत्सवाच्या वर्षीं, हें मंदिर ज्यांनीं आपल्या हातीं सोंपविलें, त्या दिवंगतांस आपण श्रद्धावंतांनीं कसें विसरावें?