कोपरातून हृदयाकडे, ६५ सेंटिमीटर

नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही आयसीयूत अत्यवस्थ रुग्णाच्या मानेतल्या शिरेतून हृदयाजवळ नळी पोहोचवली, की डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, सेंट्रल लाइन टाकली आहे. ही वाट एक्स-रेच्या पुराव्यासह दाखवून दिली ती वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने, आणि तीही स्वतःच्या शरीरावर.

फोर्समन यांचा जन्म १९०४ चा, बर्लिनचा. १९२९ मध्ये ते जवळच्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात होते. हृदय बंद पडू लागले की त्या काळी छातीतून थेट हृदयात सुई खुपसून औषध देत. त्यापेक्षा हाताच्या शिरेतून नळी सरकवत नेली तर? वरिष्ठांनी परवानगी नाकारली, स्वतःवर प्रयोग करायलासुद्धा.

पुढची हकिगत त्यांच्या आत्मचरित्रातली. उपकरणे परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होती. प्रयोगासाठी त्या स्वतः तयार झाल्या. फोर्समन यांनी त्यांना टेबलाला बांधले आणि गुपचूप आपल्याच कोपराला भूल दिली. बाईंची ही सरळसरळ फसवणूक होती. मूत्रवाहिनीत घालायची बारीक नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवून ते एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेले. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूला दिसले. आजही लाइन टाकल्यावर छातीचा एक्स-रे काढून टोक नेमके कुठे आहे ते पाहतात.

पण एका धडधाकट तरुणाला काही झाले नाही, एवढ्यावरून साधन सुरक्षित ठरत नाही. एका मरणासन्न स्त्रीला त्यांनी याच मार्गाने औषध दिले. तिला तात्पुरता उतार पडला, पण ती वाचली नाही. त्याच वर्षी निबंध छापून आला. वैद्यकविश्वाने तो मनावर घेतला नाही. फोर्समन मूत्ररोगांकडे वळले. १९३२ मध्ये ते नाझी पक्षात गेले, युद्धात लष्करी डॉक्टर झाले, मग युद्धकैदी.

खरी पारख न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात झाली. आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात एकामागून एक रुग्णांवर नळी वापरली, दाब मोजले, नोंदी ठेवल्या. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी ही रीत मांडली. मानेतली लाइन आज तशीच टाकतात.

१९५६ चे नोबेल कुर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समन यांना विभागून मिळाले. फोर्समन तेव्हा बाद क्रॉयत्सनाख गावी मूत्ररोगांचे रुग्ण तपासत होते.