नांगर विकता विकता उभी राहिली रयतेची शाळा

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या माणसाला कर्मवीर भाऊराव पाटील कोण, हे सांगायची गरज नाही. गावात रयतची शाळा असते, भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या अण्णांचा फोटो असतो, २२ सप्टेंबरला त्याला हार पडतो. पण हार घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एक गोष्ट ठाऊक नसते. शिक्षणाच्या कामात पुरते उतरण्याआधी अण्णा किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरत होते. आम्हा कृषी खात्यातल्या मंडळींना म्हणूनच हा माणूस जरा जास्त जवळचा वाटतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणं मूळचं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. घर जैन, शेतकरी, वडील पायगोंडा सरकारी नोकरीत. पोरगं अभ्यासात बेताचं, पण अन्याय दिसला की गप्प न बसणारं. दलितांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यांनी रहाटच मोडून विहिरीत टाकला, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते.

शिकायला ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य. खेड्यातला मुलगा शहरात शिकायचा तर त्याला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण पाहिजे, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांच्या पाठबळावर तिथं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत होती. दलित मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला १९०८ मध्ये भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हा, असा बोर्डिंगच्या अधीक्षकांचा, म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे यांचा, हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि बोर्डिंगातून त्यांची वळकटी बाहेर पडली. महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. मॅट्रिक मात्र झालं नाही ते नाहीच.

याच लठ्ठ्यांशी त्यांची गाठ पुन्हा पडायची होती. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसानं आपल्याला बाहेर काढलं त्याच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंग सोसला, छळ सोसला, तो असह्य होऊन जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण खोटं बोलले नाहीत. मला विचाराल तर भाऊराव ओळखायचे ते या प्रसंगावरून. पुढं लोकांनी दागिने, धान्य, जमिनी त्यांच्या हवाली केल्या, त्या अशा माणसाच्या.

सुटल्यावर पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. आता नांगर विकणं म्हणजे नुसती पावती फाडणं नव्हे. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असा त्या वेळी शेतकऱ्यांचा पक्का समज होता. लाकडी नांगर आणि सहा-आठ बैल यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती चाललेली. अशा ठिकाणी नवं अवजार खपवायचं तर गावात मुक्काम करावा लागतो, ओसरीवर बसावं लागतं, माणसाचा विश्वास कमवावा लागतो. आज आम्ही नवं बियाणं किंवा ठिबक घेऊन गावात जातो, तेव्हा हेच करत असतो. भाऊरावांनी ते कुठल्याही खात्याच्या पाठबळाशिवाय केलं. पुढं साताऱ्यात कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मतभेद झाले तसे ते तिथून बाहेर पडले.

या फिरतीत त्यांनी काय पाहिलं? शेतकऱ्याला वाचता येत नाही, सावकाराच्या कागदावर तो अंगठा उठवतो. पोरगं हुशार असलं तरी गुराख्याच्या कामाला लागतं, कारण शाळा लांब आणि घरात खाणारी तोंडं फार. दलिताच्या पोराला तर शाळेच्या आत बसायलाही जागा नाही. जोतिराव फुल्यांचा सत्यशोधक विचार त्यांच्या डोक्यात होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली.

नाव शिक्षण संस्था, पण साताऱ्यात त्यांनी जोर लावला तो बोर्डिंगवर. त्यांच्या कामाचं मर्म मला यातच दिसतं. फी माफ केली म्हणून गरिबाचं पोर शिकत नाही. भाकरी कोण घालणार, राहायचं कुठं, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. कोल्हापुरात एकेका जातीची बोर्डिंगं निघाली होती. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्यांची पोरं एका छपराखाली आणली. स्वयंपाक पाळीपाळीनं सगळ्यांनी करायचा आणि एका पंगतीला बसून जेवायचं. आज हे वाचायला सोपं वाटतं. १९२४ साली गावाकडचा बाप पोराला अशा पंगतीत धाडताना दहा वेळा विचार करत असेल. महात्मा गांधी १९२७ मध्ये साताऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं.

या बोर्डिंगचा सारा भार खरं म्हणजे एका बाईवर होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. त्या बाईनं ते बाजूला ठेवून सगळ्या जातींच्या पोरांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही विकलं. खेड्यातल्या बाईसाठी मंगळसूत्र विकणं म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. बोर्डिंगचं पुढं झालेलं मोठं झाड त्यांना बघायला मिळालं नाही. अण्णांना कर्मवीर ही पदवी लोकांनी दिली, ती योग्यच दिली, पण भाषणांत लक्ष्मीबाईंचं नाव एका वाक्यात उरकतात ते काही बरोबर वाटत नाही.

दागिने किती दिवस पुरणार? म्हणून गावोगाव मुष्टिफंड सुरू झाला. दळायला बसताना बाईनं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि साठलं की बोर्डिंगला द्यायचं. हिशेब साधा आहे. मूठभर धान्यानं कुणाच्या घरी उपास पडत नाही, पण शंभर घरांची मूठ रोज निघाली तर पोती भरतात. आणि ज्या बाईनं मूठ काढली तिला ते बोर्डिंग आपलं वाटू लागतं.

दुसरा आधार पोरांच्या हातांचा. कमवा आणि शिका हे शब्द आज पाटीवर रंगवलेले दिसतात. तेव्हा त्याचा अर्थ कुदळ आणि खोरं असा होता. शेतात राबायचं, माळ फोडायचा, दगड वाहायचे, इमारतीला हात लावायचा आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. भीक म्हणून काही नाही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच पायावर निघालं. शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

खेड्यात शाळा काढायची तर मास्तर हवा, म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. मग ज्या गावात सरकारी शाळा नव्हती तिथं व्हॉलंटरी शाळा निघाल्या, देवळात, चावडीत, जिथं जागा मिळेल तिथं. अशा ५७८ शाळा झाल्या. रोप आधी, लावण मागाहून, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

मुलींचं काय, हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीचं बोर्डिंग हे पोरांचंच होतं, हे मान्य केलं पाहिजे. पोरग्याला घोंगडी देऊन साताऱ्याला धाडता येई, पोरीला कोण धाडणार? तिच्यासाठी शाळाच गावाजवळ यायला हवी होती आणि शिकवायला बाई असली तर घरच्यांचा जीव भांड्यात पडे. साताऱ्यात शिक्षिका तयार करण्यासाठी संस्थेनं जिजामाता विद्यालय काढलं, त्याचं महत्त्व इथं आहे. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवर टीका केल्यामुळं संस्थेचं अनुदान बंद झालं. हा घाव मोठा होता, पण शाळा बंद पडल्या नाहीत. पुढं गाडगे महाराजांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. भाऊराव गेले तोवर हायस्कुलं शंभरावर गेली होती. या खेड्यातल्या हायस्कुलांनी पोरींना सातवीच्या पुढं नेलं, असं माझं मत आहे. आजही फिरतीवर दिसतं, गावात दहावीपर्यंत शाळा असली की पोरगी दहावी होते. पुढचं कॉलेज तालुक्याला असतं. एसटीचा पास मुलींना मोफत असतो, पण संध्याकाळची गाडी चुकली की घरात बोलणी बसतात आणि चार महिन्यांत तिचं नाव कमी होतं.

१९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज निघालं. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. सहलीच्या एसटीतून उतरलेल्या पोरापोरींची रांग तिथं अजून लागते.