डायलिसिसला चार तास का लागतात? थॉमस ग्रॅहॅम यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, तुम्ही कुठेही राहत असा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणे म्हणजे घरातल्या सगळ्यांचाच दिवस मोडणे. त्यामुळे आज अर्धा तास आधी सोडाल का, असे रुग्ण आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक आम्हाला अनेकदा विचारतात. प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायला एका रसायनशास्त्रज्ञाची ओळख उपयोगी पडेल. ते डॉक्टर नव्हते, पण डायलिसिस हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला.

वडिलांची इच्छा वेगळी होती

थॉमस ग्रॅहॅम यांचा जन्म १८०५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असे वडिलांना वाटत होते, मुलाला मात्र रसायनशास्त्राची ओढ होती. वडिलांनी पैशाची मदत थांबवली. आईचा आधार होता. शिकवण्या आणि लेखन करून त्यांनी दिवस काढले. १८३० मध्ये ते ग्लासगोत आणि १८३७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले. १८५५ पासून ते ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख होते.

एक प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. एक पदार्थ दुसऱ्यात आपोआप कसा आणि किती वेगाने पसरतो? क्षाराच्या द्रावणाने भरलेली छोटी बरणी ते पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवत. ढवळायचे नाही, हलवायचे नाही. काही दिवसांनी बाहेर किती क्षार आला ते मोजायचे. प्रत्येक क्षाराचा वेग वेगळा असतो, हे त्यातून दिसले. त्यांच्याच मोजमापांचा आधार घेऊन १८५५ मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नियम मांडला: दोन बाजूंच्या तीव्रतेत जितका फरक जास्त, तितका पदार्थ वेगाने सरकतो, अंतर वाढले की वेग कमी होतो. याला विसरण म्हणतात.

मातीचे भांडे आणि तुमचा माठ

१८५४ च्या प्रयोगांत ग्रॅहॅम यांनी झिलई न केलेली, सच्छिद्र मातीची भांडी आणि प्राण्यांचे पातळ पडदे वापरले. हे कळायला प्रयोगशाळेत जायला नको, घरचा माठ पाहा. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते आणि बाहेर उडून जाते. पाण्यासोबत आलेले क्षार मागे राहतात. जुन्या माठावर दिसणारा पांढरा थर तोच.

म्हणजे छिद्रांच्या भिंतीतून क्षार दोन प्रकारे जातात: स्वतः पसरत, किंवा वाहत्या पाण्याबरोबर. तुमच्या डायलिसिसमध्ये हे दोन्ही घडते.

१८६१ चा प्रयोग

पुढे ग्रॅहॅम यांनी चाळणीसारख्या कड्यावर चर्मपत्री कागद ताणून बसवला, त्यात द्रावण ओतले आणि ते पाण्यावर तरंगत ठेवले. क्षार आणि साखर कागदातून खाली उतरली, डिंक आणि प्रथिने वरच राहिली. या वेगळे करण्यालाच त्यांनी डायलिसिस म्हटले. त्यांनी लघवीवरही हा प्रयोग केला आणि पाण्यात उतरलेला युरिया वेगळा काढला. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तात साठतो, तोच हा युरिया.

तुमच्या मशीनमध्ये काय होते?

कागदाची जागा आता हजारो पोकळ तंतूंनी घेतली आहे. तंतूंच्या आतून रक्त आणि बाहेरून डायलिसिसचे द्रावण उलट दिशेने वाहते. युरिया आणि जास्तीचे पोटॅशियम रक्तातून द्रावणात जाते, बायकार्बोनेट द्रावणातून रक्तात येते. रक्तपेशी आणि प्रथिने आतच राहतात. अंगातले जास्तीचे पाणी मात्र दाबाच्या फरकाने काढावे लागते. द्रावण साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहते, म्हणजे चार तासांत सुमारे १२० लिटर.

मग वेळ का लागतो? कारण मशीन फक्त रक्त स्वच्छ करते आणि बरीचशी घाण पेशींच्या आत असते. ती आधी रक्तात यावी लागते. युरिया तुलनेने लवकर येतो, फॉस्फेट हळूहळू येत राहते. म्हणूनच डायलिसिस संपल्यावर काही वेळाने रक्तातले आकडे पुन्हा थोडे वर जातात. पाण्याचेही तसेच आहे. कमी वेळात जास्त पाणी ओढले तर रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात.

शेवटचा अर्धा तास म्हणूनच वाया जात नाही. वारंवार लवकर उठलात तर फॉस्फेट आणि पाणी अंगात साठत जाते, त्याचा ताण हृदयावर येतो.

तुम्ही काय करू शकता?

बसवत नसेल, गोळे येत असतील, चक्कर येत असेल, तर वेळ कमी करून घेण्याआधी डॉक्टरांना कारण सांगा. पाणी काढण्याचा वेग, द्रावण किंवा तुमचे कोरडे वजन बदलता येते. दोन डायलिसिसमध्ये पाणी आणि मीठ सांगितल्याइतकेच घ्या. उन्हाळ्यात माठातले पाणीही मोजूनच प्या. धाप लागली, छातीत धडधडले किंवा हातपाय गळून गेले, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता रुग्णालयात जा.

ग्रॅहॅम १८६९ मध्ये लंडनमध्ये वारले. माणसावर पहिले डायलिसिस झाले ते १९२४ मध्ये, जर्मनीत गेऑर्ग हास यांच्या हातून. आपल्या कागदी पडद्याने कोणाचे प्राण वाचतील, हे ग्रॅहॅम यांना पाहायला मिळाले नाही. पण विसरणाला घाई चालत नाही, हे त्यांना बरणीसमोर दिवसेंदिवस थांबून कळले होते. पुढच्या वेळी खुर्चीवर बसाल तेव्हा एवढे लक्षात ठेवा: ते चार तास तुमच्या पेशींसाठी आहेत.