गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : कोतळूक, रत्नागिरी जिल्हा, ९ मे १८६६, मृत्यू : पुणे, १९ फेब्रुवारी १९१५) हे अध्यापक, अर्थतज्ज्ञ आणि राष्ट्रीय सभेतील नेमस्त पक्षाचे नेते होते. सनदशीर राजकारणासाठी सुशिक्षित नागरिक आणि अभ्यासू कार्यकर्ते घडवणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

शिक्षण व अध्यापन

वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी नोकरी पत्करून गोखल्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. १८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी राज्यकारभार व सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. १८९० मध्ये ते पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले.

भारत सेवक समाज

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते राष्ट्रीय सभेच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. समाजाच्या सदस्यांना पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या काळात सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास आणि देशाटन अपेक्षित असे. समाजाने ब्रिटिश साम्राज्याशी असलेला संबंध मान्य केला होता. जहाल पक्षाला हा मार्ग अपुरा वाटे.

प्राथमिक शिक्षण विधेयक

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सक्तीचे शिक्षण देण्याचा अधिकार त्यात स्थानिक संस्थांना दिला होता. मुलींसाठी ही तरतूद नंतर लागू करता येणार होती. सरकारने खर्च व अंमलबजावणीतील अडचणी पुढे केल्या. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

वारसा

महात्मा गांधी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानत. समाजाचे सदस्य हृदयनाथ कुंझरू व ठक्कर बाप्पा पुढे संविधान सभेत होते. समाजाच्या पुण्यातील आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करणारी ८६ वी घटनादुरुस्ती २००२ मध्ये झाली. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्याला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.